परीक्षेपुरता पेशंट

नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य कक्षात तीन टेबलं, चार कपाटं, एक झेरॉक्स मशीन आणि एक खिडकी होती. त्या खिडकीमागे एकोणीस वर्षं एकच गृहस्थ बसत आले होते, त्यामुळे सगळं कॉलेज त्यांना खिडकीकाका म्हणायचं. मुलींनी त्यांना कायम छातीपासून वर पाहिलेलं. एकदा पहिल्या वर्षाची एक मुलगी जिन्यात समोर आली आणि त्यांनाच विचारू लागली, "खिडकीकाका आज आलेत का हो?" काकांनी "आलेत, पण जेवायला गेलेत" असं सांगितलं आणि ते खरोखरच जेवायला गेले.

बोनाफाइड, हॉस्टेल बदली, आजारपणाची रजा, ओळखपत्र हरवल्याचा अर्ज, हरवलेलं ओळखपत्र सापडल्याचा अर्ज, असं सगळं सहाय्य या खिडकीतून होई. आता सहाय्य म्हणजे काय याबद्दल काकांची मतं पक्की होती. समोरच्याचं काम करून टाकणं हे सहाय्य नव्हे, ते काय कुणीही करील. समोरच्याला त्याच्या अर्जातली चूक काढून दाखवणं हे खरं सहाय्य. त्यांच्या हातून अपुरा अर्ज पुढे गेला असं एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. पुरा अर्ज पुढे गेल्याच्या घटनाही तशा मोजक्याच, पण त्याला त्यांचा इलाज नव्हता.

या खिडकीवर गेले पाच महिने शेवटच्या वर्षाची एक मुलगी येत होती. ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तिला कावीळ झाली आणि परीक्षा हुकली. तिच्या फाइलवर कुणीतरी 'कावीळ प्रकरण' असं लिहून ठेवलं होतं, म्हणून ऑफिसात ती कावीळवाली झाली. मुलगी आता ठणठणीत बरी होती, पिवळेपणाचा मागमूस नव्हता, पण फाइल बरी होत नव्हती. फेरपरीक्षेच्या तिच्या पहिल्या अर्जात 'कावीळ' असं लिहिलेलं होतं आणि डॉक्टरांच्या दाखल्यात 'यकृतदाह'. काकांनी लाल पेनानं शेरा मारला, 'नेमका आजार कोणता?' आणि अर्ज परत केला. तो खुलासा मिळवण्यात दीड महिना गेला. त्यानंतर विद्यापीठाची परवानगी, बाहेरच्या परीक्षकांची तारीख, ती तारीख रद्द, मग दुसरी तारीख. बरोबरीच्या मुली पास होऊन कधीच्या कामाला लागल्या होत्या. हिलाही शहरातल्या एका हॉस्पिटलनं नवजात बाळांच्या विभागात घ्यायचं कबूल केलं होतं, जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. ही परीक्षा चुकली, तर जागा जाणार आणि वर्षही जाणार.

प्रॅक्टिकल म्हटलं की पेशंट लागतो. शेजारच्याच हॉस्पिटलातला एखादा शांत स्वभावाचा पेशंट त्या दिवसापुरता राखून ठेवा, असं पत्र इन्चार्ज सिस्टरना आधी जावं लागतं. ते पत्र पाठवायचं काम काकांचं. त्यांनी पत्र लिहिलं, दोनदा वाचलं, 'शांत'खाली रेघ मारली, आणि फाइलसाठी एक झेरॉक्स काढून मग पाठवू म्हणून पेपरवेटखाली ठेवलं. झेरॉक्स मशीन त्या दिवशी कागद खात होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सव्वादहाला काकांनी सहज पेपरवेट उचललं, तर पत्र खाली तसंच पडून होतं.

ते धावत वॉर्डात गेले. धावत म्हणजे त्यांच्या मानानं. पुरुषांच्या जनरल वॉर्डात इन्चार्ज सिस्टर, प्राचार्या बाई आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई अशा तिघी उभ्या होत्या. परीक्षक बाई उंच, चष्मा साखळीत अडकवलेला, घड्याळ उजव्या हातात. बाजूला पांढऱ्याशुभ्र गणवेशात, हातात ट्रे घेऊन कावीळवाली. ट्रेमधला थर्मामीटर पुसून पुसून चकचकीत झाला होता.

"पत्रच नाही आलं मला," सिस्टर सांगत होत्या. "तरी मी बघितलं. तीन नंबरचे आजोबा सकाळीच घरी गेले. पाच नंबरला विचारलं तर म्हणाला, मी शाळेतसुद्धा परीक्षा दिली नाही, आता कशाला देऊ. बाकीचे सगळे गंभीर आहेत."

"माझी गाडी चारची आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "साडेअकरापर्यंत पेशंट मिळाला तर ठीक. नाहीतर मी 'परीक्षा होऊ शकली नाही' असं लिहून निघेन. पुढची तारीख विद्यापीठ कळवेल."

विद्यापीठ कधी कळवतं हे त्या वॉर्डात काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि थर्मामीटर पुन्हा पुसायला घेतला. रडली असती तर काकांनी समजूत घातली असती. थर्मामीटर पुसणाऱ्या माणसाची समजूत कशी घालायची, हे त्यांना सुचेना. आणि मग एकोणीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. त्यांनी विचार न करता वाक्य बोलून टाकलं.

"मी झोपतो."

तिघींनी वळून पाहिलं.

"म्हणजे पेशंट म्हणून," काका म्हणाले. "दोन तासांचा तर प्रश्न आहे."

परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "चालेल. पण पेशंट हॉस्पिटलमध्ये रीतसर दाखल झालेला असला पाहिजे. गुणपत्रिकेत इनडोअर नंबरचा रकाना आहे. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

हे वाक्य स्वतः काकांनी आयुष्यात काही हजार वेळा उच्चारलं होतं. समोरून ऐकताना ते इतकं टोचतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

केसपेपरच्या खिडकीवर चौदा माणसं होती. काका रांगेत उभे राहिले. ओळख सांगून पुढे घुसायचं त्यांच्या मनात आलं, पण 'कृपया रांगेचा आदर करा' ही भिंतीवरची पाटी त्यांनीच एका वर्षी सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. त्यांचा नंबर आला तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "तक्रार?"

"तशी काही नाही."

"काही नाही या आजाराला वॉर्ड नाही. काय होतंय ते सांगा."

"अहो, मला काहीच होत नाहीये. परीक्षेपुरतं दाखल व्हायचंय."

"कसली परीक्षा? इथं दाखल व्हायला परीक्षा नसते." कारकुनानं आता मान वर केली. "मागे बघा किती लोक आहेत. डोकं, छाती, पोट, काय दुखतंय?"

छाती म्हटलं तर धावपळ होईल आणि डोकं म्हटलं तर ते सिद्ध करावं लागेल, असा हिशेब करून काका म्हणाले, "पोट." एवढा एक शब्द त्यांना पुढे किती महागात पडणार होता, हे कळायला अजून वेळ होता. केसपेपरवर 'पोटदुखी' अशी नोंद झाली, नंबर पडला, आणि अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी काका सात नंबरच्या खाटेचे रहिवासी झाले.

वॉर्डातल्या मावशींनी त्यांना कपडे बदलायला दिले. हॉस्पिटलचा तो हिरवा झगा पाठीमागे नाड्यांनी बांधायचा असतो आणि ज्यानं तो शिवला त्यानं नाड्यांच्या बाबतीत फार हात आखडता घेतला होता. काका भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे चालत खाटेपर्यंत आले आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मावशींनी जाता जाता त्यांचा जेवणाचा डबाही उचलला. "पोटदुखीवाल्याला काही खायचं नाही. डॉक्टर बघेपर्यंत पाणी पण नाही," त्या म्हणाल्या आणि खाटेच्या दांड्याला 'उपाशी' अशी पाटी अडकवून निघून गेल्या.

परीक्षा सुरू झाली. कावीळवाली खाटेशेजारी उभी राहिली. आवाज कापत होता, पण नमस्कार करून तिनं स्वतःची ओळख करून दिली, जणू ती काकांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती.

"तुमचं वय?"

"चोपन्न."

"झोप कशी लागते?"

"ऑफिसात की घरी?"

परीक्षक बाई खाकरल्या. मुलगी पुढचे प्रश्न विचारत गेली. भूक कशी आहे, पोट रोज साफ होतं का, लघवीला रात्री किती वेळा उठावं लागतं. एरवी मुलींची जन्मतारीख दोन पुराव्यांनिशी मागणारे काका त्या तीन बायकांसमोर चादरीत तोंड अर्धं लपवून उत्तरं देत होते, आणि मुलगी ती एकेक करून सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती. एका ठिकाणी ती अडखळली तेव्हा काकांना राहवलं नाही. ते हळूच पुटपुटले, "औषधाची अ‍ॅलर्जी विचार."

"पेशंटनं प्रश्न सुचवू नयेत," परीक्षक बाई म्हणाल्या.

मग ब्लडप्रेशरची पाळी आली. मुलीनं त्यांना पाय सरळ ठेवायला, बोलणं थांबवायला आणि पाच मिनिटं शांत पडायला सांगितलं. शांत पडणं काकांना चांगलं जमे. तिनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. तिचा चेहरा बदलला. पट्टा सोडून तिनं थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या दंडावर.

"किती?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"एकशे सत्तर, एकशे चार."

"एवढं? घाबरली असशील तू. नीट ऐकलंस का? ट्रॉलीतला दुसरा पट्टा घेऊन ये, तोवर मी वही बघते." बाई वही घेऊन खिडकीजवळच्या उजेडात गेल्या.

काका चांगलेच अस्वस्थ झाले. त्यांना आजवर साधी सर्दीसुद्धा विचारून होत असे. आकडा चुकलाय यात त्यांना शंका नव्हती, आणि या एका चुकीपायी पोरीचं वर्ष जाणार, या विचारानं घाम फुटला. ती पट्टा बदलायला वाकली तशी ते कुजबुजले, "एकशेवीस, ऐंशी लिहून टाक. मी तक्रार करणार नाही."

मुलगी पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबली. "नाही काका."

"अगं, मला काही झालेलं नाही. मी आपला असाच झोपलोय. तुझं नुकसान होईल."

"तुम्ही असेच झोपला असाल. पट्टा खराच आहे ना." तिचा आवाज आता कापत नव्हता. "जे आहे ते लिहिणार मी. आणि तुम्ही बोलू नका, बोललं की वाढतं."

दुसऱ्या पट्ट्यानं एकशे बहात्तर भरलं. परीक्षक बाई परत आल्या, त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः मोजलं. पट्ट्यातली हवा सावकाश सुटत गेली. बाईंनी कानातली नळी काढली, मुलीकडे पाहिलं आणि इन्चार्ज सिस्टरना म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. एकशे बहात्तर, एकशे चार. मुलीनं बरोबर मोजलंय."

इथवर सगळं एका वॉर्डापुरतं होतं. पण त्याच सुमाराला कॉलेजचा शिपाई काकांच्या सहीसाठी रजिस्टर घेऊन त्यांना शोधत वॉर्डाच्या दारात आला. त्याला हिरव्या झग्यातले काका दिसले, 'उपाशी'ची पाटी दिसली, आणि भोवती चार बायका गंभीर चेहऱ्यानं उभ्या दिसल्या. शिपाई कर्तव्यदक्ष होता. त्यानं रजिस्टर काखेत मारलं आणि काकांच्या घरी फोन लावला. "वहिनी, घाबरू नका," अशी त्यानं सुरुवात केली, त्यामुळे पुढचं काही वहिनींना ऐकूच गेलं नाही.

मुलीची परीक्षा अजून संपली नव्हती. शेवटचा भाग होता खाटेवरच्या पेशंटला अंग पुसून देण्याचा. काकांनी 'मी सकाळीच आंघोळ केली आहे' असं निवेदन केलं, पण गुणपत्रिकेत तसा रकाना नव्हता. खाटेभोवती पडदा लावला गेला. मुलीनं कोपरानं पाण्याचा ऊनपणा तपासला, चेहरा, हात आणि पाठ पुसली, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं आणि बाकी सगळं झाकलेलं. काका डोळे घट्ट मिटून पडले होते. सुरुवातीला अपमानानं मिटले होते. पण कोमट पाण्यात पाय बुडवून ती टाचा पुसायला लागली तेव्हा ते कशासाठी मिटले आहेत, हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं. आपल्या पायांशी कुणी इतकं आदरानं वागल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला. काकूंच्या मागे समोरच्या दारातल्या काकू, आणि त्यांच्या मागे खालच्या मजल्यावरचे बँकवाले, जे बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बँकवालेच होते. तिघांना सात नंबरची खाट दिसली नाही, पडदा दिसला. हॉस्पिटलात खाटेला पडदा लागला म्हणजे काय, याचा प्रत्येकाच्या मनात एकच अर्थ असतो.

"गेले," समोरच्या काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

काकूंनी पडदा सरकवला. आत त्यांचे यजमान डोळे मिटून, चेहऱ्यावर अपूर्व शांती घेऊन पडले होते आणि एक मुलगी त्यांचे पाय पुसत होती.

काकांनी एक डोळा उघडला. "तू इकडे कशी?"

काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडल्या पडल्या तापला. "मी कशी? अहो, सकाळी डबा घेऊन धडधाकट निघालात. आणि हे काय घातलंय?"

"परीक्षा चालू आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

"यांची परीक्षा? या वयात?" बँकवाल्यांनी विचारलं, पण त्यांनाही बाहेर काढण्यात आलं.

अडीच वाजता परीक्षा संपली. परीक्षक बाईंनी काही न सांगता कागद पाकिटात घातले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी गाठायला निघून गेल्या. काका उठून शर्ट शोधू लागले. तेवढ्यात डॉक्टर आले. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना पाहून ते आज सकाळी उठलेत की काल, हे कळत नव्हतं.

"कुठे निघालात? एवढं बीपी असताना सोडता येणार नाही. ईसीजी काढू, रक्त तपासू, गोळी सुरू करू. उद्यापर्यंत ठेवतो." त्यांनी केसपेपर उलटला. "आणि पोट कुठे दुखतं?"

"पोट दुखत नाही."

"इथं लिहिलंय."

"ते मी आपलं लिहायचं म्हणून सांगितलं होतं."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "बीपीवाल्यानं पोट दुखतं म्हणून दाखल व्हायचं आणि मग दुखत नाही म्हणायचं, असं नाही चालत. एकदा नोंद झाली की मला ती सोडवावी लागते. सोनोग्राफी करून घ्या, सर्जरीवाल्यांचा शेरा घ्या. काही नाही निघालं तर घरी."

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत सल्ल्यांचा पाऊस पडला. समोरच्या काकूंचं म्हणणं, रोज अनवाणी हिरवळीवर चाला. त्यांच्या भावाचं बीपी असंच उतरलं होतं, हिरवळीवर घसरून पाय मोडला तो भाग निराळा. बँकवाले म्हणाले, गोळी मुळीच सुरू करू नका, एकदा सुरू झाली की सुटत नाही. स्वतः ते अकरा वर्षं गोळी घेत होते, म्हणूनच अधिकारानं सांगत होते. त्यांनी लसणाच्या पाकळ्यांचा एक उपाय सांगितला आणि किती पाकळ्या यावरून त्यांचं आणि समोरच्या काकूंचं वाजलं. पाच नंबरच्या खाटेवरच्या, शाळेतसुद्धा परीक्षा न दिलेल्या माणसानं चार पाकळ्यांवर तडजोड घडवून आणली. काकूंनी पिशवीतून काकांचा धुतलेला शर्ट काढला, झग्यावरून त्यांच्या पाठीवर घातला आणि खांद्यापाशी नीट केला.

दुसऱ्या दिवशी काका आपलं पोट निर्दोष आहे हे सिद्ध करायला निघाले. सोनोग्राफीच्या खिडकीला काच होती आणि बोलायला खाली, कमरेच्या उंचीवर एक अर्धगोल भोक. आतल्या माणसाला बसल्या बसल्या सोयीचं, बाहेरच्याला मात्र कमरेत वाकल्याशिवाय बोलता येत नव्हतं. काका वाकले आणि वाकलेल्या अवस्थेतच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडेही हुबेहूब असंच भोक आहे. एकोणीस वर्षं मुली आपल्यापुढे झुकून, नम्रपणे बोलतात, नव्या पिढीत एवढा विनय कुठून आला, असं ते घरी कौतुकानं सांगत आले होते.

"फॉर्मवर डॉक्टरांची सही चौकटीबाहेर गेलीय," आतून आवाज आला. "नवा फॉर्म आणा."

काका वॉर्डात गेले, डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. डॉक्टर आले, सही चौकटीत बसली, तोवर खिडकी जेवायला बंद झाली. खिडकी उघडली तेव्हा कळलं की सोनोग्राफीसाठी चार ग्लास पाणी पिऊन यायचं असतं आणि काकांच्या पाटीवर अजून 'उपाशी' होतं. पाटी काढायला मावशी हव्या होत्या आणि मावशींची पाळी संपली होती. चार वाजता, पोटात चार ग्लास पाणी घेऊन, बाकावर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार टाकत बसलेल्या काकांजवळ कावीळवाली आली. ती तिच्या गावी जायला निघाली होती, खांद्याला पिशवी होती. जाण्याआधी बीपी बघायला आली होती.

एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव. "उतरतंय," ती म्हणाली.

काकांनी शर्टाची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "ते पेशंटचं पत्र माझ्याच टेबलावर राहिलं होतं. आठ दिवस. झेरॉक्ससाठी."

"माहीत होतं मला. परवा सिस्टरना विचारायला गेले होते, त्या म्हणाल्या पत्र नाही आलं. मी तुमच्याकडे आले होते संध्याकाळी, खिडकी बंद झाली होती."

"मग काल बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर माझी चूक काढायचीस की."

"काल तुम्ही पेशंट होतात," ती पट्टा गुंडाळत म्हणाली. "पेशंटला ताण द्यायचा नसतो. शिकवलंय आम्हाला."

तेवढ्यात आतून काकांचा नंबर पुकारला गेला.

पोट निर्दोष निघालं. काका तिसऱ्या दिवशी घरी गेले, गोळी सुरू झाली, आणि बँकवाल्यांनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. पुढच्या सोमवारी कामावर आल्या आल्या काकांनी सुताराला बोलावलं आणि खिडकीचं भोक फूटभर वर घ्यायला सांगितलं. त्यासाठी इमारत विभागाची परवानगी लागते हे त्यांनाच सगळ्यात आधी ठाऊक होतं. अर्ज त्यांनी केला, पण सुतार आधी बोलावला. आता काकांना बोलताना उभं राहावं लागे. 'काकांना पाय आहेत' ही बातमी दुपारपर्यंत हॉस्टेलात पोचली.

महिना संपायला दोन दिवस असताना निकाल लागला. कावीळवाली पास झाली होती, आणि चांगल्या गुणांनी. पण नोकरीवर रुजू व्हायला नोंदणीसाठीचं पत्र विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून हवं होतं, तीन मजल्यांवरच्या पाच टेबलांवरून फिरून, आणि उद्या सुट्टी होती. ती खिडकीवर आली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. सवयीनं लाल पेन हातात घेतलं. एका ठिकाणी तारीख राहिली होती. त्यांनी निळं पेन घेतलं, तारीख घातली, कक्षाचं दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "चल."

पहिल्या टेबलावरचा माणूस म्हणाला, उद्या या. काका म्हणाले, उद्या सुट्टी आहे, आणि तुमची सही निघायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, मीसुद्धा तेच करतो. सही झाली. दुसऱ्या टेबलावरच्या बाई जागेवर नव्हत्या, त्या तिसऱ्या टेबलापाशी गप्पा मारत सापडल्या, त्यामुळे ती दोन टेबलं एकदमच झाली. चौथ्यानं अर्जात चूक काढायला सुरुवात केली आणि काका त्याच्याकडे अशा काही ओळखीच्या नजरेनं बघत राहिले की त्यानं मध्येच थांबून शिक्का मारला.

पाचवं टेबल वरच्या मजल्यावर होतं. पाचला दहा कमी. काका जिना चढू लागले आणि पहिल्या वळणावर मुलीनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. किती धाप लागलीय."

"अगं, पाचला बंद करतो तो."

"दोन मिनिटं बसा." तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागली. काका जिन्याकडे बघत होते, ती नाडीकडे. वर कुठेतरी कपाट बंद झाल्याचा आवाज आला. काका अर्धे उठले, तिनं पुन्हा बसवलं. पूर्ण एक मिनिट मोजून झाल्यावरच ती म्हणाली, "आता सावकाश."

ते पोचले तेव्हा शेवटच्या टेबलावरचा कारकून किल्ल्या हातात घेऊन उभा होता. काकांच्या चेहऱ्याकडे बघून तो परत बसला. त्यानं सगळ्या सह्या तपासल्या आणि रजिस्टर उघडलं.

"विद्यार्थिनीसोबत कोण आलंय त्याची नोंद लागते. तुम्ही कॉलेजकडून आलात का?"

काकांनी जरा विचार केला. कॉलेजनं त्यांना पाठवलं नव्हतं.

"नाही."

"मग नातं काय?"

"मी हिचा पेशंट."

कारकुनानं मान वर करून आधी काकांकडे आणि मग मुलीकडे पाहिलं. मुलगी गंभीरपणे हो म्हणाली. त्यानं रजिस्टरमधल्या यादीवरून बोट खाली नेलं. वडील, आई, पालक, पती, भाऊ, बहीण. बोट शेवटाला जाऊन थांबलं.

"'इतर'मध्ये टाकतो," तो म्हणाला, आणि त्यानं शिक्का मारून पत्र मुलीच्या हातात दिलं.